ढब्बूच्या साखरेचा बंदोबस्त

२ जून, सकाळी, चहाआधी

आजपासून ढब्बूची साखर माझ्या ताब्यात. आठ वर्षं डॉक्टरच्या ताब्यात देऊन पाहिली. काय उजेड पाडला त्याने? तीच इंजेक्शनं, तेच रिपोर्ट. बदललं ते फक्त त्याचं पोट, दर भेटीला टेबलाच्या आणखी जवळ आलेलं असतं.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा विनय बाजूला ठेवून लिहितो. या घरात मोजमाप कळणारा माणूस एकच आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक. मी बाजारात शिरलो की दुकानदारांचे हात आपोआप काट्यावरून बाजूला होतात. काटा मारणारा माणूस मला नुसत्या नमस्कारावरून ओळखू येतो. आणि माझ्याच घरात, माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या ताटात भात किती पडावा हे बायकोच्या हातातला डाव ठरवतो. डाव हे काय माप आहे?

ढब्बू हे नाव मीच ठेवलेलं. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून. लाडाने. अकराव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो त्यातला. डॉक्टर म्हणतो, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते जेवणाआधी बाहेरून टोचून घ्यायचं, जन्मभर. जन्मभर! गिऱ्हाईक बांधून ठेवायच्या पुष्कळ युक्त्या मी पाहिल्यात, पण ही फार वरच्या दर्जाची.

मागच्या खेपेला त्याने आम्हाला काउन्सेलरकडे पिटाळलं. काउन्सेलर म्हणजे कापलेल्या केसांची एक पोरगी. तिने ढब्बूला विचारलं, हल्ली कसं वाटतं तुला? मी सांगितलं, उत्तम. पोरगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा काही मी तिच्या खुर्चीत बसलोय. पुढची तारीख दिली होती, ती मी रद्द केली.

ढब्बूला सगळी योजना समजावली. बरं म्हणाली. गुणी आहे पोर.

५ जून

ऑफिसातून निकालात काढलेला पण ठणठणीत काटा घरी आणला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवला. आता ओट्यावर पोळपाट मावत नाही अशी बायकोची कुरकुर. सुधारणेला विरोध व्हायचाच.

भात, भाजी, अंडं, केळं, सगळं काट्यावरून. केळ्याचं साल वजा. मोजून होईपर्यंत अन्न गार झालं. ढब्बूने विचारलं, बाबा, मी माझ्या खोलीत जेवू का? म्हटलं, तपासणी जागेवरच होते. मग समोर बसून एकेक घास पाहिला. अर्धं ताट तिने तसंच ठेवलं. बायकोला म्हटलं, बघ, शिस्त लावली की भूकसुद्धा ऐकते.

इंजेक्शन ती आपलं आपण घेते, कळती झाल्यापासून. त्यात माझी गरज नाही. इन्सुलिनच्या पेनवर आकडे छापलेलेच असतात.

११ जून, रविवार

मोठा काटाही आणला, माणूस उभा राहतो तो. ढब्बूला उभं केलं. वजन उतरलंय! मी म्हटलं, शाब्बास.

ती म्हणाली, खरंच, बाबा? म्हटलं, काटा खोटं बोलत नाही. ती पुन्हा काट्यावर चढली. फेरतपासणी! आमच्या रक्तातच आहे ते. मी टाळ्या वाजवल्या. बारावीला तिला चांगले मार्क पडले तेव्हा मी 'अजून पडले असते' एवढंच म्हणालो होतो, त्यामुळे पोर जरा भांबावली. नंतर बराच वेळ आरशासमोर होती.

१५ जून

ढब्बूची पोहण्याच्या तलावावरची मैत्रीण आली होती. मोठ्याने हसणारी, खांद्याने दार ढकलणारी. ढब्बू आतून हळूच म्हणाली, मी नाही म्हणून सांगा. सांगितलं. मैत्रीण म्हणाली, काका, ती माझा फोनच उचलत नाही, बरी आहे ना? म्हटलं, अभ्यास करते, काही मुलींना असतो. दार लावून घेतलं.

पोहणं सोडलं ते झकास झालं. पाण्यात हातपाय मारून कोणाचं भलं झालंय? आता दिवसभर खोलीत असते, पडदे ओढून. बायको म्हणते, नुसती पडून असते, दोन दिवस अंघोळ नाही. मी याला एकाग्रता म्हणतो.

१९ जून

घरात चोरी. बिस्किटांचे पुडे, जॅमची अख्खी बाटली, अर्धा ब्रेड. काल होतं, आज नाही.

धाड घातली. माल कुठे दडवतात ते मला पाठ आहे. रिकामे कागद गॅलरीतल्या जुन्या बुटांत सापडले, बारीक घड्या घालून कोंबलेले. दोघींना समोर उभं केलं. ढब्बू पांढरीफटक पडली, माझा आवाज चढला की तिचं होतं तसं. बायकोने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, मी खाल्लं.

या वयात! जॅम! मग मीही काही ठेवून बोललो नाही. ज्या घरात मधुमेहाची मुलगी आहे त्या घरात आईने बाटल्या चाटाव्यात? असं हादडणाऱ्या माणसाला आरशात तोंड बघवतं कसं? हावरटपणाची किळस येते मला, हे स्पष्ट सांगितलं. बायको खाली बघून ऐकत होती. रडली मात्र ढब्बू. आईवर फार जीव आहे तिचा.

२० जून

कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याजवळ. बायकोला चहाची साखर हवी असेल तर माझ्याकडून मोजून घेऊन जाते. डोळे वर करत नाही. सुधारतेय.

२७ जून

वजन आणखी उतरलं. आणखी शाब्बास. मी आता घरी आल्या आल्या ढब्बूच्या खोलीत डोकावतो, दोन शब्द बोलतो, पाठ थोपटतो. आम्ही इतके जवळ कधीच नव्हतो.

पाणी फार पिते. बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करते. बायको म्हणाली, अहो, सारखी बाथरूमला पळते, लहानपणी आजार निघाला तेव्हा अस्संच होतं. म्हटलं, टाकी भरली की नळ वाहणारच, यात कसली लक्षणं शोधतेस?

मेहुणीचा व्हिडिओ कॉल. पोरीची गालफडं बसली, डोळे खोल गेले, काय चाललंय काय तुमच्याकडे? हिच्या स्वतःच्या चिरंजिवांना सोफ्यातून उठवायला दोन माणसं लागतात. दुसऱ्याचं चांगलं झालं की लोकांच्या पोटात दुखतं. मी फोन हातात घेऊन तिला सांगितलं, याला फिगर म्हणतात.

४ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

इन्सुलिनची नवी पेनं फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर जागाच नाही. गेल्या महिन्याचं खोकं फोडलेलंसुद्धा नाही. त्याच्या आधीच्या खोक्यातही माल शिल्लक. तिथेच उभ्या उभ्या विचार केला. अशा वेळी माझं डोकं चालतं. माल पडून आहे, याचा अर्थ एकच, मागणी नाही. ढब्बूच्या शरीराला इन्सुलिन लागेनासं झालंय! डॉक्टरने जन्मठेप दिली होती, माझ्या काट्याने ती महिन्याभरात रद्द केली.

ढब्बूला हाक मारली. विचारलं, कमी लागतं ना हल्ली? ती खोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो. म्हटलं, वेडे, सांगितलं का नाहीस? तुम्ही रागवाल असं वाटलं, म्हणाली. मी रागवेन! डोक्यावरून हात फिरवला. बरेच केस हाताला आले. शांपू बदलायला पाहिजे.

बायकोला दाखवलं तर ती फ्रिजचं दार धरून मटकन खाली बसली. आनंद सोसत नाही काही लोकांना. मग उठून डॉक्टरला फोन लावायला निघाली. फोन काढून घेतला. ही बातमी त्याला मीच देणार, आणि तेव्हा त्याचं तोंड मला प्रत्यक्ष पाहायचंय.

७ जुलै

ऑफिसात सांगितलं. साहेबांना स्वतःला मधुमेह. दुपारच्या केकचा तुकडा त्यांनी खाली ठेवला आणि मला आत बोलावलं. आमच्या खात्यात आरोग्य सप्ताह असतो. त्यात दरवर्षी कोणीतरी बाहेरचा येऊन पाठदुखीवर बोलतो आणि सगळे झोपतात. साहेब म्हणाले, या वर्षी तुम्ही बोला. हेडक्लार्कने तर आजच डबा माझ्यासमोर उघडून विचारलं, यातलं किती खाऊ? अर्धं, म्हटलं. न तपासता सांगता येतं मला आता.

भाषणाचं नाव: 'साखर: एक तपासणी'. एकवीस तारखेला.

१२ जुलै

भाषणात जिवंत उदाहरण पाहिजे. लोकांना आकडे कळत नाहीत, माणूस दिसला की पटतं. ढब्बूला म्हटलं, तू स्टेजवर काट्यावर उभी राहायचंस, बाकी मी बोलेन.

नको म्हणाली. लोकांत जावंसं वाटत नाही. ड्रेस होत नाही एकही. म्हटलं, सैल होतात ना? मग ही तर जाहिरात आहे आपली! पिना लावू. ती म्हणाली, बाबा, मला हल्ली कशातच काही वाटत नाही. उठावंसंही वाटत नाही.

स्टेज फिअर. मलाही झाला होता, दहावीत असताना.

१६ जुलै

बायकोचा उठाव. माझ्यामागे त्या केस कापलेल्या पोरीला भेटून आली. त्या पोरीचं म्हणणं, ढब्बूला डिप्रेशन असू शकतं, आणि खाण्याशी तिचं काहीतरी बिनसलंय, आणि उद्याच्या उद्या घेऊन या. न पाहता! पंचनामा नाही, नमुना नाही, थेट निकाल.

डिप्रेशन. आम्हाला कधी झालं नाही ते, आम्हाला वेळ नव्हता. हल्ली मोबाइलबरोबर फुकट मिळतं. एखाद्या पोराला पलंगावरून उठायचा कंटाळा आला की लगेच त्याला इंग्रजी नाव आणि समोर मऊ खुर्ची. बायको म्हणाली, तिच्या तोंडाला कसला तरी गोड, नासक्या फळासारखा वास येतो, तुम्ही एकदा जवळ जाऊन बघा तरी. गेलो. येतो खरा. च्युइंगम खात असेल. त्यावर बोलणार होतो, पण भाषण पाच दिवसांवर आलंय, उगाच मूड कशाला घालवा? काउन्सेलरचं एकवीसनंतर बघू असं ठरवून टाकलं. कोणाचं मन मोडणं माझ्या स्वभावात नाही.

२१ जुलै, सकाळी

आज. भाषण पाठ. काट्याला तपासणीचं नवं सील. ढब्बूला सकाळी उलटी झाली. नर्व्हस आहे. बायको दारात आडवी उभी राहिली. न्यायचं नाही म्हणाली. आमच्या संसारात पहिल्यांदा तिने माझा हात धरला, तोही असा. सोडवून घेतला. ढब्बू म्हणाली, आई, जाऊ दे, बाबांनी सगळ्यांना सांगितलंय.

२१ जुलै, संध्याकाळी

हॉल गच्च भरला होता. हवा नव्हती. पंखे जुने.

भाषणाची सुरुवात फारच रंगली. हशा, टाळ्या. ढब्बूला वर बोलावलं. तिने खुर्ची मागितली. म्हटलं, दोन मिनिटं उभी राहा, लोक बघतायत. ती जोरजोरात, खोल श्वास घेत होती, मी माइकमधून सांगितलं की हे दीर्घ श्वसनही आमच्या कार्यक्रमाचा भाग आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावर चढली. मी आकडा वाचायला वाकलो. आकडा हलत होता.

मग ती पडली.

गर्मीने. हॉलमध्ये हवा नव्हती हे मी वर लिहिलंच आहे.

२२ जुलै

अतिदक्षता विभाग. काचेतून दिसते. नळ्या.

पोटवाला डॉक्टर आला. रात्रभर इथेच होता म्हणे, शर्ट कालचाच. विचारलं, इन्सुलिन किती घेत होती? हाच तो क्षण. मी सांगितलं, जवळजवळ काहीच नाही, फ्रिज भरलाय पेनांनी. त्याचं तोंड पाहायचं होतं ना मला, ते पाहिलं. त्याने मला बाकावर बसवलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पेनं उरली म्हणजे लागली नाहीत असं नाही, तिने घेतली नाहीत. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. शरीर स्वतःलाच जाळत सुटतं, रक्त आंबतं. वजन उतरत होतं ते त्याने. आजच्या दिवसात शुद्धीवर आली तर बरं, म्हणाला. इन्सुलिन सोडलं की वजन उतरतं हे तिला ठाऊक होतं, या आजाराच्या पुष्कळ तरुण मुलींना ठाऊक असतं, म्हणून तर काउन्सेलरकडे पाठवलं होतं.

मी म्हटलं, माझी मुलगी मला फसवणार नाही. फसवलं असतं तर मी पकडलं असतं. तो म्हणाला, घरी जाऊन थोडं झोपा.

माझा काटा बरोबर होता. वजन खरोखरच उतरलं होतं. हे कोणी नाकारू शकत नाही.

२३ जुलै

शुद्धीवर आली. देवा.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी पेशंटचं वजन करायचा काटा आहे. सीलची मुदत केव्हाच संपलीय! आणि हे लोक मला शिकवतात. यांची औषधं वजनावर ठरतात, आणि वजन कशावर? बाकावर बसून हॉस्पिटलच्या नावाने नोटीस लिहून काढली. कलमं, खुलाशाची मुदत, सगळं बिनचूक. फार बरं वाटलं.

बायकोने नोटीस वाचली. चार तुकडे केले आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातले. म्हणाली, अजून मोजायचं राहिलंय का काही? तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. घाण पायाला लागल्यावर माणूस बोलतो तसा.

२६ जुलै

बायकोने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बिस्किटं ढब्बूनेच खाल्ली होती. जॅमही. उभ्याने, रडत, थांबता येत नव्हतं म्हणून. मग मी आईला जे जे बोललो ते तिने स्वतःला लावून घेतलं, शब्दन् शब्द. त्यानंतर जेवायची भीती, आणि इंजेक्शनची त्याहून. इन्सुलिन घेतलं तर परत ढब्बू होईन, म्हणाली. मरायची नाही वाटली का भीती, असं बायकोने विचारलं. तेवढी नाही, म्हणाली.

आणि म्हणाली, काट्यावर कमी भरलं की बाबा माझ्याशी बोलतात.

हे साफ चूक आहे. मी तिच्याशी रोज बोलायचो. त्याच्या आधी काय बोलायचो ते आठवत बसलो. अभ्यास, दिवे बंद कर, दार लाव. अजून काहीतरी असणारच. बायको आत गेली तरी मी आठवत होतो. मला फार भीती वाटली. कशाची ते नीट लिहिता येत नाही.

३० जुलै, दुपारी

ढब्बू साध्या वॉर्डात आली. रात्री ठरवून ठेवलं होतं, यापुढे इंजेक्शन माझ्या देखरेखीखाली. एकही चुकणार नाही. जेवणाच्या वेळेआधीच जाऊन बसलो.

नर्सने पेन दिलं. ढब्बूने बाही वर केली. मी खुर्ची जवळ ओढली आणि आकडा बघायला चष्मा लावला. तिने बाही खाली केली. नर्स म्हणाली, घे गं बाळा, जेवण गार होतंय. ती भिंतीकडे तोंड करून पडली. बायकोने समजावलं, मी समजावलं, माझ्या समजावण्याने ती आणखी भिंतीला चिकटली.

मग ती केस कापलेली पोरगी आली. पलंगाच्या कडेला बसली. काही विचारलं नाही, नुसती बसली. बऱ्याच वेळाने ढब्बू तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. पोरगी उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, काका, ती घ्यायला तयार आहे, जेवायलाही तयार आहे, एक अट आहे तिची. म्हटलं, एक काय, दहा घाल म्हणावं, सगळ्या मान्य.

पोरीने अट सांगितली. आवाज चांगला होता तिचा, उगाच लागेल असा नव्हता. मी चष्मा काढला आणि वॉर्डाबाहेर आलो. मागे दार बायकोने लावलं.

बाकावर एक गृहस्थ होते, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, शेजारी पिशवी. कोण आहे आत, विचारलं. मुलगी, म्हटलं. बरी आहे का? आहे. मग आत जा की हो, ते म्हणाले, वडील ना तुम्ही, बाहेर कशाला ताटकळता?

मी म्हणालो, मी बाहेर असलो की ती इंजेक्शन घेते.

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा करून दिली.